मुदतीचा धंदा

दुबईच्या सुपरमार्केटात क्रोसाँचं पाकीट हातात घेतलं की गिऱ्हाईक पुढची बाजू बघतं, आयातदार मागची. मागे दोन तारखा असतात : माल कधी बनला आणि कधी संपणार. त्या कारखान्यातच, न पुसणाऱ्या शाईने, थेट पाकिटावर छापाव्या लागतात. अरबी मजकुराचं स्टिकर वरून चिकटवलेलं चालतं. तारखेचं स्टिकर दिसलं की माल अडलाच. याला जोडून आणखी एक दंडक आहे. माल देशात शिरतो त्या दिवशी त्याची निदान निम्मी मुदत शिल्लक हवी. पेस्ट्री आणून विकणाऱ्याची सगळी हुशारी या निम्म्यात खर्ची पडते. मैदा, लोणी, चॉकलेट हे सारं नंतरचं.

हिशेबच मांडून बघू. समजा, पाकिटाची मुदत चार महिने, म्हणजे १२० दिवस. युरोपातल्या कारखान्यातून निघून कंटेनर जहाजावर चढेपर्यंत आठवडा गेला. सुएझमार्गे दुबईचं जेबेल अली बंदर गाठायला चार आठवडे धरा. कस्टम, नमुन्यांची तपासणी, कागदपत्रं यांत आणखी आठवडा. ४२ दिवस गेले. साठाची मर्यादा अजून अठरा दिवस लांब आहे. पण २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बड्या जहाज कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. या वळशाचे दहा-बारा दिवस धरले की हातात उरतात जेमतेम सहा-आठ. बंदरावर गर्दी असली तर तेही नाहीत. मर्यादा ओलांडली की कंटेनर परत पाठवा, नाहीतर माल नष्ट करा. आणि सुटलाच, तरी उरलेल्या साठ दिवसांत गोदाम, वितरक, दुकान हा प्रवास व्हायचा आहे. त्यातले शेवटचे दिवस ‘एकावर एक फुकट’मध्येच जायचे.

म्हणून हॉटेलं आणि हायपरमार्केटमधल्या बेकऱ्या बहुतेक वेळा दुसरी वाट धरतात. त्या गोठवलेला कच्चा किंवा अर्धवट भाजलेला माल आणतात आणि दुकानातच भट्टीत घालतात. उणे १८ अंशांवर असा माल कित्येक महिने टिकतो. गिऱ्हाइकाला ताजा वास येतो, पीठ मात्र फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये मळलेलं असतं. यात जोखीम वेगळी. साट्याची करंजी ज्यांनी केली आहे त्यांना पदर सुटण्याचं मर्म सांगायला नको : पीठ आणि स्निग्ध थर एकमेकांत मिसळता कामा नयेत. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि अबुधाबीत जुलैच्या दुपारी पारा ४५च्या पुढेही जातो. ट्रकमधून गोदामात माल उतरवताना दार उघडं राहिलं, तापमान चढून पुन्हा उतरलं, तर बाहेरून काहीच कळत नाही. खोकं थंडच लागतं. भट्टीत मात्र लोणी गळून ट्रेमध्ये साठतं आणि क्रोसाँ फुगण्याऐवजी पावासारखा बसतो. अशा वेळी चूक कंटेनरवाल्याची, गोदामाची की बेकरीवाल्याची, याचे वाद महिनोन्महिने चालतात.

हलालच्या नियमांमुळे घटकांची यादी हा आणखी एक चकवा. डुकराची चरबी कोणी पाठवत नाही. अडचण बारीक अक्षरांत लपलेली असते. ई-४७१ हे इमल्सिफायर वनस्पतीचं की प्राण्याचं? पीठ मऊ करणारं ई-९२० पिसांपासून काढलेलं की प्रयोगशाळेत आंबवून बनवलेलं? जिलेटिन कुठल्या जनावराचं? व्हॅनिलाचा अर्क तर मद्यार्कातच काढतात. युरोपातले काही कारखाने पाकीटबंद क्रोसाँला बुरशी लागू नये म्हणून मद्यार्काचा फवारा मारतात. आखातासाठी ती सोय सोडावी लागते, आणि सोडली की मुदत घटते. म्हणजे पुन्हा तोच हिशेब.

हे सगळं बघता, ज्यांचा माल खरोखर खपू लागला ते आयात सोडून कारखाना काढतात. ‘सेव्हन डेज’ क्रोसाँवाल्या चिपिता या ग्रीक कंपनीने सौदीत अलमराई आणि ओलायन या तिथल्याच कंपन्यांशी भागीदारी केली आणि माल तिथेच बनू लागला. दुधासाठी ओळखली जाणारी अलमराई २००७ मध्ये वेस्टर्न बेकरीज घेऊन या धंद्यात उतरली होती. २०२१ मध्ये तिने अमिरात आणि बहारीनमधली बेकमार्टही घेतली. जकातीचाही हातभार आहेच. आखाती देशांच्या २००३च्या कस्टम युनियननंतर त्या सहाही देशांत बहुतेक मालावर ५ टक्के हा सामायिक दर होता. सौदीने २०२० मध्ये अनेक वस्तूंवर तो वाढवला. पण माझ्या मते जकातीपेक्षा जास्त शिकवलं ते जून २०१७ने. शेजाऱ्यांनी कतारची कोंडी केली, सौदीची सीमा बंद झाली आणि दोह्यात दुकानांचे कप्पे रिकामे झाले.

मागणीचं गणितही दरवर्षी बदलतं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा ऑर्डरचा तक्ता यंदा चालत नाही. शिवाय त्या महिन्यात सकाळचा क्रोसाँ बंद आणि रात्री कुनाफा, कतायेफ हे गोड पदार्थ जोरात.

आपला संबंध इथे खारीतून येतो. न्हावा शेवाहून जेबेल अली थोड्या दिवसांच्या अंतरावर. खारी कोरडी, तिला रीफर, म्हणजे शीत कंटेनर लागत नाही. धनंजय दातारांनी वडिलांच्या दुबईतल्या छोट्या दुकानातून ‘अल अदील’ वाढवलं ते आपल्या मसाल्या-पिठांच्या जोरावर. अशा भारतीय दुकानांत आणि मल्याळी मंडळींच्या बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, खारी चहाबरोबर हमखास उचलली जाते. तिचं दुखणं मुदत नव्हे, वनस्पती तूप. वनस्पतीसारख्या, ट्रान्स फॅट असलेल्या अंशतः हायड्रोजनेटेड तेलांवर सौदीने जानेवारी २०२० पासून बंदी घातली. भारतात ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आली ती जानेवारी २०२२ मध्ये. मधली दोन वर्षं पुण्यात कायद्याने विकता येणारी खारी रियाधला पाठवता येईलच असं नव्हतं. निर्यात करणाऱ्यांना पामतेलाच्या मार्जरीनकडे वळावं लागलं. जुने खाणारे म्हणतात, पूर्वीचा खुसखुशीतपणा गेला. त्यांचं अगदीच खोटं नाही. वनस्पतीचा घट्टपणा पदर धरून ठेवायचा. पण ती खारी आता परत यायची नाही, आणि आली तरी जेबेल अलीला तिची तारीख कोणी विचारण्याआधी तेल विचारतील.