गाठीचे कूळ विचारावे

लेखांक ६

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पिट्यूटरीच्या गाठीबाबत मात्र कूळच आधी विचारावे लागते.

पिट्यूटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथी. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, जागा नाकाच्या मागे, कवटीच्या तळाच्या हाडातल्या खोबणीत. तिच्या पुढच्या भागातून सहा मुख्य संप्रेरके रक्तात उतरतात, हे मागच्या लेखांकात पाहिले. तिथे गाठ झाली की दोनपैकी एक प्रकार घडतो. एखादे संप्रेरक बेसुमार वाढते आणि शरीर बोलू लागते. बोटातली अंगठी निघेना, चपलेचा नंबर वाढला, जबडा पुढे आला, तर वाढीचे संप्रेरक जास्त. चेहरा गोल, पोटावर जांभळे पट्टे, दंड-मांड्या बारीक, तर अ‍ॅसीटीएच हे संप्रेरक जास्त, म्हणजे कुशिंगचा आजार. दुसऱ्या प्रकारात रक्तात काहीच जास्त सापडत नाही आणि गाठ निवांत वाढत राहते. वर असलेल्या दृष्टीच्या नसांवर दाब आला की दोन्ही बाजूंचे दिसणे कमी होते. समोरची पाटी वाचता येते, पण वसई रोड स्टेशनबाहेर बाजूने आलेली रिक्षा अंगावर येईपर्यंत कळत नाही. असा माणूस आधी चष्म्याचा नंबर तपासायला जातो.

वसई, नालासोपारा, विरारच्या अशा अनेक पेशंटची वाट शेवटी विरार लोकलने दादर आणि तिथून परळचे केईएम अशीच असते. त्याच केईएममधल्या डॉ. अतुल गोयल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ११८ महाकाय पिट्यूटरी गाठींच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाकाय म्हणजे ४ सेंटिमीटरहून मोठ्या, आणि मूळ ग्रंथी असते सुमारे एका सेंटिमीटरची! एवढी वाढ होईपर्यंत लक्षात न येणे हे या आजाराचे खरे दुखणे आहे.

आता कुळाकडे येऊ. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात. वाढीच्या संप्रेरकाचे जनुक यकृताच्या पेशीतही असते, पण तिथे ते बंद असते. पिट्यूटरीत ते चालू करणारे एक प्रथिन असते. ते केंद्रकात शिरते, डीएनएवर ठरलेल्या जागी बसते आणि पुढचे काम सुरू होते. अशा प्रथिनांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. पिट्यूटरीपुरता पिट-१ हा त्यांतला पहिला ठळक शोध. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या मायकेल रोझेनफेल्ड आणि मायकेल कॅरिन यांच्या प्रयोगशाळांनी तो स्वतंत्रपणे लावला. त्याचे महत्त्व पटवले एका खुज्या उंदराने. स्नेल नावाच्या या उंदराच्या पिट-१ जनुकात बिघाड आहे, हे १९९० मध्ये कळले. त्याच्या पिट्यूटरीत वाढीचे संप्रेरक, प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, या तिन्हींच्या पेशी तयारच होत नाहीत. म्हणजे तिघींचा मूळपुरुष एकच. अ‍ॅसीटीएच बनवणाऱ्या पेशींचे कूळ टी-पिटचे. ते २००१ मध्ये माँट्रियलच्या जाक द्रुआँ यांच्या गटाने शोधले. एलएच आणि एफएसएच ही प्रजननाची संप्रेरके बनवणाऱ्या पेशी एसएफ-१ च्या कुळातल्या.

गाठीतही हे कूळ टिकून राहते, आणि ते डोळ्यांनी पाहता येते. ऑपरेशनमध्ये निघालेला तुकडा फॉर्मालिनमधून काढून मेणात बसवतात. पॅथॉलॉजीवाले त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकचा तीन-चार मायक्रॉनचा काप काचेवर घेऊन त्यावर प्रतिपिंड सोडतात. हवे ते प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. अ‍ॅसीटीएचसाठी रंगवलेल्या काचेवर निळी केंद्रके तशीच राहतात आणि त्यांच्याभोवतीचा पेशीरस तपकिरी होतो. टी-पिटच्या काचेवर उलटे. पेशीरस फिका, आणि केंद्रकांचे गोल ठिपके तेवढे गडद तपकिरी. पहिली काच पेशीत कोणता माल आहे ते सांगते, दुसरी ती पेशी कोणाची ते.

दोन्ही काचा नेहमी जुळत नाहीत, आणि इथेच विषय रंगतो. काही गाठींत टी-पिटचे ठिपके स्पष्ट असतात, पण पेशंटला कुशिंगचे एकही लक्षण नसते. जनुक चालू झाले म्हणजे संप्रेरक रक्तात पोचलेच असे नाही, कारण मध्ये बरेच टप्पे आहेत. टी-पिट जे जनुक चालू करते त्यातून आधी पीओएमसी नावाचे लांब प्रथिन बनते. पीसी१/३ नावाचे विकर ते कापते, तेव्हा त्यातून अ‍ॅसीटीएच सुटते. या मूक गाठींत ते विकर कमी सापडते. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येतो. गाठ मात्र साधी नसते. आसपासच्या भागात घुसण्याची आणि परत येण्याची तिची प्रवृत्ती इतर मूक गाठींहून जास्त.

जपानमधल्या २०१५ च्या एका अभ्यासात, संप्रेरकाचा कुठलाच रंग न घेणाऱ्या ११९ गाठी या तीन फॅक्टरांसाठी तपासल्या गेल्या. त्यांत ७९ एसएफ-१ च्या निघाल्या, ३२ टी-पिटच्या. कूळ खरेच सापडले नाही अशा उरल्या अवघ्या ६. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या वर्गीकरणात कुळाला मध्यवर्ती स्थान दिले आणि २०२२ मध्ये तेच पक्के केले. तरी आजही ‘पिट्यूटरी अ‍ॅडिनोमा’ एवढ्यावर थांबणारे रिपोर्ट हाती पडतात. माझ्या मते तो रिपोर्ट अर्धाच आहे.

प्रोलॅक्टिनच्या गाठीला हे सगळे सहसा लागत नाही. तिथे कॅबर्गोलिनच्या गोळ्यांनीच बहुतेकदा गाठ आकसते, तुकडा काढायची वेळ येत नाही. म्हणून कितीही मोठी गाठ असो, ऑपरेशनआधी रक्तातले प्रोलॅक्टिन तपासलेले हवेच.

ज्यांच्या घरी कुणाचे असे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट पुन्हा काढून बघावा. त्यात पिट-१, टी-पिट, एसएफ-१ यांचा उल्लेख नसेल, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारावे. कुळाची ही तपासणी ऑपरेशननंतर काही वर्षांनीही होऊ शकते, कारण मेणातला ब्लॉक टिकतो. तो प्रयोगशाळेत असेल तर मागून घेता येतो. घरी असेल तर उन्हापासून लांब, फाइलसोबत ठेवा आणि कपाट आवरताना फेकू नका.