कुंडी म्हणजे छोटं शेत नव्हे

मोगलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. ते नाव आता इतिहासाच्या पुस्तकात उरलंय, पण फुलांचा सोस काही शहराने सोडलेला नाही. दिंडोरी तालुक्यात मोहाडी-जानोरीकडे पॉलिहाउसमध्ये गुलाब पिकतो आणि इकडे गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत गच्च्या-गॅलऱ्यांत मोगरा, जास्वंद, शेवंतीच्या कुंड्या दाटीवाटीने मांडलेल्या दिसतात. यातल्या कितीतरी घरांचं गाव निफाड, सिन्नर, चांदवडकडे आहे. त्यामुळे बागेचं ज्ञानही तिकडूनच येतं. शेतात खरं असलेलं हे ज्ञान दहा-बारा इंच खोल कुंडीत मात्र फसतं, आणि दोष जातो झाडाला, नर्सरीवाल्याला, नाहीतर आपल्या हाताला.

सगळ्यात पक्का गैरसमज मातीचा. गावाहून येताना गोणीभर काळी माती आणायची, कारण काळी माती म्हणजे कसदार. कस तिच्यात आहेच. पण ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. शेतात तिच्याखाली मुरूम असतो, गांडुळं असतात, जुन्या मुळांच्या वाटा असतात. कुंडीत यातलं काहीच नाही. पावसाळ्यात ती चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते. एप्रिलमध्ये वाळली की कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि कडेने बोटभर फट पडते. मग आपण झारीने पाणी घालतो, ते फटीतून सरळ खाली जातं, तळाच्या भोकातून बाहेर येतं आणि आपण समाधानाने पुढच्या कुंडीकडे वळतो. मुळांभोवतीचा गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी रिकामी करून तो गोळा फोडून बघा, आत अक्षरशः धूळ निघते. लाल माती, कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत सारख्या भागात घ्यावं, मूठभर निंबोळी पेंड टाकावी. बहुतेक फुलझाडांना एवढं पुरतं.

मातीबरोबर वजनाचा प्रश्न येतो आणि तो अजिबात हलक्यात घेण्यासारखा नाही. ‘स्लॅब पक्का आहे, काही होत नाही’ असं म्हणून गच्चीवर विटांचे वाफे बांधले जातात. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जातो. हिशोब इथेच संपतो. वाफा बांधायचाच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. मोठ्या कुंड्या भिंतीकडेला, तुळईच्या रेषेवर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. संदीप चव्हाण यांनी नाशिकमध्येच ‘गच्चीवरची बाग’ या उपक्रमातून पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा भरून हलक्या कुंड्या करण्याचा आग्रह धरला. त्यांचा भर भाजीपाल्यावर असला तरी फुलझाडं लावणाऱ्यांनीही ही वाट धरायला हवी.

आता तळाच्या खडीबद्दल. कुंडीत आधी विटांचे तुकडे, खडी, खापऱ्यांचा चांगला जाड थर द्यायचा म्हणजे पाण्याचा निचरा होतो, हे आजी सांगते, शेजारी सांगतात, नर्सरीतला माळीही सांगतो. ऐकायला पटतं, घडतं मात्र उलटं. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहजासहजी उतरत नाही. वरची माती पुरती भिजून तुडुंब झाली की मगच ते खाली सुटतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी राहणारा ओलाचिंब पट्टा नाहीसा होत नाही, खडीच्या उंचीइतका वर सरकतो, थेट मुळांमध्ये. स्वयंपाकघरातला जाड स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. तोच स्पंज, तेवढंच पाणी, फक्त उंची वाढली. म्हणून उथळ कुंडीपेक्षा खोल कुंडीचा निचरा चांगला, आणि खडी घालून आपण खोल कुंडी स्वतःच्या हाताने उथळ करतो. भोकावर एक खापरी पालथी ठेवली की पुरे, तीही माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी. निचरा हवा तर भोकं वाढवा, माती मोकळी करा आणि कुंडी स्टँडवर किंवा दोन विटांवर उचलून ठेवा. त्याने स्लॅबवर पाणीही साचत नाही, आणि खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध बरे राहतात.

पाण्याबद्दल बोलायचं तर ‘भर उन्हात पाणी घातलं की थेंबांच्या भिंगाने पानं जळतात’ हे घरोघरी ऐकू येतं. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं. गुळगुळीत पानांवरच्या थेंबांनी पानं भाजत नाहीत असं त्यांना आढळलं. लव असलेल्या पानांवर थेंब अधांतरी अडकतो, तिथे तशी शक्यता निघाली. आपल्याकडे खरा धोका वेगळाच आहे. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी हाताला चटका देतं, तेच पाणी आपण मुळांवर ओततो. म्हणून पाणी सकाळी लवकर. आणि ‘रोज एक तांब्या’ हा नियम सोडून द्या. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर पाणी नको. मलूल झाड तहानलेलंच असतं असंही नाही, मुळं कुजलेलं झाडही तसंच मान टाकतं.

पानं पिवळी पडली की खताची पिशवी निघते. आधी कुठली पानं पिवळी ते पाहावं. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी असेल किंवा पाणी जास्त. पण शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची उणीव. मोगरा, अनंत, जास्वंदीत हे फार दिसतं, विशेषतः जिथे बोअरचं जड पाणी घालतात. त्या पाण्यातल्या क्षारांनी माती विम्ल होते आणि मातीत असलेलं लोहही मुळांना मिळत नाही. अशा कुंडीत चुलीची राख किंवा अंड्याची टरफलं टाकणं म्हणजे आधीच जास्त असलेल्या गोष्टीत भर. पावसाचं पाणी साठवून घाला. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, द्राक्षवाले ते नेहमी वापरतात. पाकिटावरच्या मात्रेतच घ्या. चहाचा चोथा घालायचा तर दूध-साखर धुऊन, खतात कुजवून. नुसता ओतला की मुंग्या आणि बुरशी.

गुलाबाबद्दलची तक्रार तर ठरलेली: ‘लाल म्हणून आणला, वर्षभरात गावठी झाला. नर्सरीवाल्याने फसवलं.’ बहुतेक वेळा कुणी फसवलेलं नसतं. विकत मिळणारा गुलाब म्हणजे रानटी खुंटावर भरलेला डोळा. जमिनीलगत खोडावर गाठ दिसते, तो सांधा. त्याच्या वर आपली जात, खाली खुंट. सांध्याखालून एखादा जोमदार, सरळ, फिकट हिरवा फुटवा येतो आणि आपण झाड वाढलं म्हणून खूश होतो. तो खुंटाचा फुटवा असतो. दोन-तीन महिन्यांत तो वरच्या कलमाचं अन्न ओढून घेतो आणि कलम वाळतं. म्हणून लावताना सांधा मातीत गाडायचा नाही, आणि खालचा फुटवा दिसला की माती बाजूला सारून जिथून निघालाय तिथूनच काढायचा. वरून कापला तर आणखी फुटतो.

छाटणीला घाबरणारे नाशिककर पाहिले की मला खरंच आश्चर्य वाटतं. ऑक्टोबर छाटणीने अख्खा जिल्हा द्राक्षाचा हंगाम धरतो आणि घरातल्या गुलाबावर कात्री चालवताना हात थरथरतो. गुलाबाचं फूल नव्या फुटीवर येतं. पाऊस संपला की ऑक्टोबरात छाटा, साधारण दीड महिन्यात कळ्या फुलू लागतात. मोगऱ्याचं पाणी थंडीत कमी करून जानेवारी अखेरीस छाटणी केली तर उन्हाळ्यात तो भरभरून देतो. बोगनवेलीलाही असाच ताण लागतो. मोठी कुंडी, भरपूर पाणी आणि युरिया दिला की नुसती पानं येतात. तिला लहान कुंडी, कडक ऊन आणि दोन पाण्यांमध्ये चांगली विश्रांती द्या.

‘उत्तरेच्या गॅलरीला ऊनच नसतं’ हेही पूर्ण खरं नाही. नाशिक वीस अक्षांशावर आहे, त्यामुळे साधारण २० मेपासून २४ जुलैपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. जूनच्या मध्यापासून ढग येतात ही गोष्ट वेगळी. दक्षिणेच्या गॅलरीत याच काळात दुपारी सावली, आणि डिसेंबरात तिरपं ऊन पार आतपर्यंत. म्हणून पेटुनिया, शेवंतीसारखी हिवाळी फुलं दक्षिणेला लावावीत.

शेवंतीची मात्र आणखी एक अट आहे. ‘खत दिलं, शेंडे खुडले, तरी कळी नाही’ असं कुणी म्हटलं की मी गॅलरीतल्या दिव्याबद्दल विचारते. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधारी रात्र लागते. रात्रभर जळणारी ट्यूब किंवा समोरचा रस्त्यावरचा दिवा तिच्यासाठी दिवस लांबवतो आणि ती नुसती वाढत राहते. शेंडे ऑगस्टअखेर खुडणं थांबवा, सप्टेंबरपासून कुंडी संध्याकाळनंतर उजेड पोचणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा. दिवसा तिला भरपूर ऊन हवंच. कळ्यांत रंग दिसू लागला की ती पुन्हा दर्शनी कठड्याजवळ आणली तरी चालते.