ध्यान म्हणजे मनाच्या दारावरचा पहारा

ध्यान म्हटले की डोळे मिटून, मांडी घालून बसलेली व्यक्ती आपल्यापुढे उभी राहते. मग विहारात हमखास प्रश्न येतो : मोलमजुरी, घर, मुलांची शाळा यातून ध्यानाला वेळ कुठून काढायचा? इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांचे शिबिर करणे प्रत्येकाला जमत नाही, हे खरे आहे. पण तथागतांनी जिला 'सति' म्हटले, ती जागरूकता रोजच्या कामातच ठेवायची असते. हे सांगणाऱ्या एका संवादाची वाट आपल्या पैठणवरून गेली आहे.

सुत्तनिपातातील पारायणवग्गात बावरी ब्राह्मणाची कथा येते. गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरीने आपले सोळा शिष्य बुद्धांकडे पाठवले. त्यांच्या प्रवासातील गावांमध्ये पहिले नाव आहे पतिट्ठान, म्हणजेच पैठण. पुढे उज्जैन, विदिशा, कोसंबी, सावत्थी करत ते राजगृहाच्या परिसरात पोहोचले. तेथे अजित या शिष्याने विचारले की, सगळीकडून वाहणारे हे प्रवाह कशाने अडवावेत? बुद्धांच्या उत्तराचा आशय असा : सति प्रवाहांना आवर घालते आणि प्रज्ञेने ते बंद होतात.

हे प्रवाह म्हणजे तृष्णा, द्वेष, भीती. डोळे, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन या सहा दारांतून ते वाहतात. पैठणकरांना हे जायकवाडीवरून सहज समजेल. पावसाळ्यात वरून येणारे पाणी कोणी थांबवू शकत नाही. पण पातळीवर रात्रंदिवस लक्ष असते, म्हणून 27 दरवाज्यांपैकी कोणते, किती उघडायचे हे ठरवता येते. मनाचेही तसेच आहे. राग येणे आपल्या हातात नसते. राग आला हे वेळेवर ओळखणे सरावाने जमते.

हा सराव कुठे करायचा? सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, खाणे-पिणे, बोलणे, गप्प राहणे, इतकेच काय, शौचाला जाणेही आले आहे. म्हणजे भाकरी थापताना हाताला पिठाचा स्पर्श जाणवू द्यावा. पैठणीच्या मागावर बसलेल्याने धाग्यावर मन ठेवावे. मन कालच्या भांडणाकडे किंवा उद्याच्या हप्त्याकडे गेले, तर 'गेले' एवढे ओळखून परत आणावे. स्वतःला दोष देत बसू नये. मोबाइल उचलण्याआधी, उलट उत्तर देण्याआधी एक श्वास जाणून घ्यावा.

हा मार्ग केवळ भिक्खूंचा नाही. पितळखोऱ्याच्या लेणीतील खांबावर पैठणच्या गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या, कुळातील मितदेवाचे दान कोरलेले आहे. धम्माला आधार देणारी ही माणसे संसार आणि व्यवसाय करणारीच होती.

'ध्यानाने माणूस थंड पडतो, चळवळ मागे पडते' अशी शंकाही काही कार्यकर्ते घेतात. परंतु बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची सततची जागृती, विकारांवरचा पहारा असाच लावला आहे. अन्याय झाला तर गप्प बसा, असे सति सांगत नाही. संतापाच्या भरात हात उचलणारा स्वतःच अडकतो. सावध असलेला तारीख, साक्षीदार, कागद लक्षात ठेवतो आणि लढा पुढे नेतो.

म्हणून वेळ मिळण्याची वाट पाहू नये. आज हातात जे काम आहे, त्यातच सुरुवात करूया.

भवतु सब्ब मंगलं!