पहिल्या घराची करसवलत : मुदतवाढ द्यावी का?

करव्यवस्थेची ओळख : लेखांक १४

पहिले घर घेणाऱ्याला करात सवलत देण्याचे दोन मार्ग आहेत. एका मार्गात करपात्र उत्पन्नातून ठरावीक रक्कम वजा होते. भारतात गृहकर्जाच्या व्याजावर मिळणारी वजावट या प्रकारातली. दुसऱ्या मार्गात, भरायच्या करातूनच रक्कम कमी होते. याला टॅक्स क्रेडिट म्हणतात. ते परताव्यायोग्य असेल तर कर शून्यावर आल्यानंतर उरलेली रक्कम सरकार करदात्याला देते. वजावटीचा लाभ करदाता जितक्या वरच्या टप्प्यात तितका वाढत जातो. परताव्यायोग्य क्रेडिटची रक्कम मात्र कराच्या टप्प्यावर अवलंबून नसते. दोन्ही सवलती बहुधा ठरावीक मुदतीसाठी जाहीर होतात आणि मुदत संपत आली की ती वाढवण्याची मागणी होते. ही मागणी मान्य केल्यावर काय घडते, याचा ठळक अनुभव अमेरिकेने २००८ ते २०१० या काळात घेतला.

अमेरिकेतील तीन कायदे

अमेरिकेत घरांच्या किमती २००६ पासून उतरू लागल्या. हप्ते थकले, बँकांनी घरे ताब्यात घेतली आणि फ्लोरिडा, नेवाडा, ॲरिझोना या राज्यांत रिकाम्या घरांचा साठा वाढला. जुलै २००८ मधील कायद्याने पहिले घर घेणाऱ्यास किमतीच्या १० टक्के, कमाल ७,५०० डॉलर इतके क्रेडिट दिले. नावाने ते क्रेडिट असले तरी प्रत्यक्षात ते बिनव्याजी कर्ज होते आणि १५ वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे होते. फेब्रुवारी २००९ च्या आर्थिक पुनरुज्जीवन कायद्याने ही मर्यादा ८,००० डॉलर केली आणि घरात तीन वर्षे राहणाऱ्यास परतफेड माफ केली. त्यामुळे डिसेंबर २००८ मध्ये घर घेणारा वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फेडत राहिला, तर जानेवारी २००९ मधील खरेदीदाराला काहीच फेडावे लागले नाही.

ही सवलत ३० नोव्हेंबर २००९ रोजी संपणार होती. त्याआधीच, ६ नोव्हेंबरला तिसऱ्या कायद्यावर सही झाली. खरेदीचा करार करण्याची मुदत ३० एप्रिल २०१० पर्यंत आणि व्यवहार पूर्ण करण्याची मुदत ३० जूनपर्यंत गेली. पुढे ती दुसरी तारीखही ३० सप्टेंबर झाली. एकट्या करदात्याची उत्पन्नमर्यादा ७५,००० डॉलरवरून १,२५,००० वर नेली गेली आणि ज्यांच्याकडे आधीच घर होते अशा जुन्या घरमालकांनाही ६,५०० डॉलरपर्यंत लाभ खुला झाला. पहिले घर घेणाऱ्यांसाठी आखलेली योजना मुदतवाढीच्या वेळी अशी रुंदावत गेली.

मुदतवाढीची बाजू

मुदतवाढ मागणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील बेरोजगारी १० टक्क्यांवर होती. किमती आणखी घसरल्या असत्या तर कर्जाची रक्कम घराच्या किमतीपेक्षा जास्त असलेली कुटुंबे वाढली असती, त्यातून जप्त्या वाढल्या असत्या आणि किमती पुन्हा खाली गेल्या असत्या. हे चक्र थांबवणे निकडीचे होते. जॉर्जियाचे सिनेटर जॉनी आयझॅक्सन यांनी तर १५,००० डॉलरच्या क्रेडिटचा आग्रह धरला होता. एक घर विकले गेले की रंगकाम, फर्निचर, दुरुस्ती, वकील, बँक अशा अनेकांना काम मिळते, हाही युक्तिवाद होता. शिवाय रिकाम्या घरांचा साठा मोठा असताना थोडी मागणी वाढल्याने किमती भडकण्याचा धोका कमी होता.

खर्च किती, लाभ किती

सवलतीचे मोल ठरवताना किती जणांनी ती घेतली, एवढे पाहून भागत नाही. तिच्यामुळेच ज्यांनी घर घेतले असे किती, हे पाहावे लागते. अमेरिकेतील घरविक्री दलालांच्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या वेळच्या अंदाजानुसार, साधारण १९ लाख लाभार्थ्यांपैकी सुमारे साडेतीन लाख खरेदीदार सवलतीमुळे बाजारात येणार होते. बाकीच्यांनी घर तसेही घेतलेच असते. ब्रूकिंग्ज इन्स्टिट्यूशनचे अर्थतज्ज्ञ टेड गेयर यांनी हाच अंदाज धरून हिशेब मांडला : प्रत्येकी ८,००० डॉलर वाटून मिळणाऱ्या एका वाढीव विक्रीमागे सरकारचे सुमारे ४३,००० डॉलर खर्च होणार होते. जुलै २०१० च्या सुरुवातीपर्यंत सुमारे ३३ लाख करदात्यांनी एकूण साधारण २,३५० कोटी डॉलरचा लाभ घेतला. त्यात पहिल्या कायद्याखालील परतफेडीच्या रकमाही धरलेल्या आहेत.

दुसरा परिणाम मुदतीचा. सवलत संपण्याची तारीख जवळ आली की पुढच्या वर्षी घर घेणारा याच वर्षी घेतो. नोव्हेंबर २००९ मध्ये जुन्या घरांची विक्री उसळली आणि डिसेंबरमध्ये सुमारे १७ टक्क्यांनी कोसळली. मुदतवाढीनंतर वसंतात ती पुन्हा चढली आणि जुलै २०१० मध्ये एका महिन्यात सुमारे २७ टक्क्यांनी उतरली. सवलतीच्या काळात सावरलेल्या किमतीही नंतर पुन्हा घसरल्या. त्यांनी तळ गाठला तो २०१२ च्या सुरुवातीस. मुदतवाढीने घसरण पुढे ढकलली. तिचे कारण दूर झाले नाही.

तिसरा परिणाम भाड्याच्या बाजारातला. भाड्याच्या घरातले कुटुंब स्वतःच्या घरात गेले की एक घर भरते आणि एक रिकामे होते. एकूण रिकाम्या घरांची संख्या तेवढीच राहते. ती कमी व्हायची तर नवे कुटुंब वेगळे राहू लागले पाहिजे, आणि नोकरी असल्याशिवाय ते घडत नाही.

घाईने राबवलेल्या योजनेत गैरप्रकारही झाले. आरंभी खरेदीचा पुरावा विवरणपत्रासोबत जोडावा लागत नव्हता. तपासणीत अल्पवयीन मुलांच्या नावे केलेले दावे सापडले. त्यातील सर्वांत लहान दावेदार चार वर्षांचा होता. अमेरिकेच्या करप्रशासनावर देखरेख ठेवणाऱ्या महानिरीक्षकांच्या २०१० च्या अहवालानुसार तुरुंगातील १,२९५ कैद्यांना मिळून ९१ लाख डॉलर मिळाले होते. नोव्हेंबर २००९ च्या कायद्याने किमान वय १८ केले आणि व्यवहाराचा कागद जोडणे सक्तीचे केले.

भारतातील अनुभव

भारतात हाच प्रश्न आयकर कायद्याच्या कलम ८०ईईए वरून उभा राहिला. २०१९ च्या अर्थसंकल्पात पहिले घर घेणाऱ्यास, मुद्रांक मूल्य ४५ लाख रुपयांपर्यंत असल्यास, नेहमीच्या दोन लाखांव्यतिरिक्त गृहकर्जाच्या व्याजावर आणखी दीड लाखाची वजावट मिळाली. आधी ३१ मार्च २०२० पर्यंत मंजूर कर्जांसाठी असलेली ही तरतूद दोनदा एकेक वर्षाने वाढली आणि ३१ मार्च २०२२ नंतरच्या कर्जांसाठी बंद झाली.

तिची रचना पाहिली तर दोन दोष दिसतात. दीड लाखाच्या वजावटीने ३० टक्के टप्प्यातील करदात्याचे उपकरासह ४६,८०० रुपये वाचतात, २० टक्के टप्प्यात ३१,२०० रुपये. ज्याचे करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत आहे, त्याचा कर जुन्या करपद्धतीतही सवलतीमुळे शून्यच असतो. त्याच्या पदरी काही पडत नाही. म्हणजे घरासाठी मदतीची सर्वांत जास्त गरज ज्याला, तोच बाहेर राहतो. दुसरा दोष मर्यादेचा : ४५ लाखांची रेषा मुंबईला आणि लातूरला एकच होती. आता नव्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावटच मिळत नसल्याने कलम पुन्हा आणले तरी त्याचा उपयोग थोड्यांनाच होईल.

महाराष्ट्राने २०२० मध्ये सर्वच खरेदीदारांसाठी मुद्रांक शुल्क घटवले, तेव्हाही मुदतीचा परिणाम दिसला. कपात डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्क्यांची आणि जानेवारी ते मार्च २०२१ दोन टक्क्यांची होती. पहिला टप्पा संपताना नोंदणी कार्यालयांत गर्दी उसळली. मात्र सवलत एकदम न काढता दोन पायऱ्यांनी काढणे, हा त्यातला घेण्याजोगा भाग आहे. ऑस्ट्रेलियानेही २००८ मध्ये पहिल्या घराच्या अनुदानात केलेली वाढ पुढील वर्षी आधी निम्म्यावर आणली आणि मग थांबवली. त्या वाढीत नव्या बांधकामाला जुन्या घराच्या दुप्पट रक्कम होती. त्यामुळे मागणीबरोबर पुरवठ्यालाही चालना मिळत होती.

निष्कर्ष

घर परवडत नाही ही तक्रार खरी आहे आणि सरकारने तिची दखल घेतलीच पाहिजे. पण जिथे जमीन महाग, परवानग्या संथ आणि घरे मोजकी, तिथे खरेदीदाराच्या हाती दिलेली सवलत लवकरच किमतीत मिसळते आणि विक्रेत्याकडे जाते. म्हणून अशा करसवलतीला वर्षामागून वर्ष मुदतवाढ देऊ नये. गंभीर मंदी आणि विकली न गेलेल्या घरांचा मोठा साठा, या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तेव्हाच ती द्यावी. तेव्हाही उत्पन्नमर्यादा सैल करू नये, पुरावा आरंभापासून मागावा आणि सवलत पायरीपायरीने काढावी. एरवी तोच पैसा कराशी न जोडता थेट द्यावा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४ मधील शहरी टप्प्यात वार्षिक नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १.८० लाखांपर्यंतचे व्याज अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. त्यासाठी कर भरत असण्याची अट नाही. अशा अनुदानाला भाड्याच्या परवडणाऱ्या घरांची आणि पाणी-रस्ते असलेल्या जमिनीची जोड मिळाली, तर पहिल्या घराची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला करसवलतीच्या मुदतवाढीपेक्षा अधिक आधार मिळेल.