साठ लाख पौंड, चार वाटेकरी

55 लाख पौंडांचे कर्ज 60 लाखांचे व्हायला जवळजवळ दोन वर्षे लागली. चीनच्या हूग्वांग रेल्वेकर्जाच्या या वाढीव पाच लाखांमागे चौथा सावकार होता.

6 जून 1909 रोजी चीनच्या वतीने झांग झिदोंग यांनी ब्रिटिश, फ्रेंच आणि जर्मन बँकांशी कराराचा मसुदा ठरवला. पैसा लागणार होता हांकौहून दक्षिणेला कॅन्टनकडे आणि पश्चिमेला सिचुआनकडे जाणाऱ्या मार्गांसाठी. जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष टाफ्ट यांनी थेट चीनच्या राजप्रतिनिधीला तार करून अमेरिकी भांडवलासाठी समान वाटा मागितला. ऑक्टोबरमध्ये झांग वारले. वाटाघाटी मात्र लांबतच गेल्या.

अखेर 20 मे 1911 रोजी सही झाली. तिघांत समान वाटणी धरली, तर प्रत्येकाला 18 लाख 33 हजार पौंड आले असते. चौघांत 15 लाख आले. व्याज 5 टक्के. 1908 च्या तिएनत्सिन-पुकौ कर्जाचा दरही तोच होता. म्हणजे ओढाताण व्याजासाठी नव्हतीच. ती होती कोणत्या टप्प्यावर कोणाचा मुख्य अभियंता बसणार, यंत्रसामग्री कोणाकडून येणार, यासाठी. हुनानकडचा दक्षिण मार्ग ब्रिटिश अभियंत्याकडे गेला, यिचांगपर्यंतचा जर्मनाकडे, त्यापुढचा अमेरिकनाकडे.

चीनच्या हाती काय आले? 100 पौंडांच्या रोख्यामागे 95. म्हणजे 57 लाख हातात आणि व्याज 60 लाखांवर, वर्षाला तीन लाख पौंड. खरा दर सुमारे 5.26 टक्के. पाच टक्क्यांचा आकडा आपल्याही ओळखीचा आहे: ईस्ट इंडिया कंपनीने 1849 मध्ये जीआयपी रेल्वेच्या भागधारकांना हीच हमी दिली होती. फरक एवढाच की चीनमध्ये एकाऐवजी चार सरकारे दारात उभी होती.

खरा घाव व्याजाने घातला नाही. सहीच्या 11 दिवस आधी, 9 मे रोजी, मुख्य रेल्वेमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाचा हुकूम निघाला. सिचुआनच्या शेतकऱ्यांकडून धान्याच्या उत्पन्नावर आकारणी करून प्रांतिक रेल्वे कंपनीचे भाग भरून घेतले होते. त्या कंपनीचे सुमारे 30 लाख ताएल (चांदीचे चिनी चलन) शांघायच्या रबर-सट्ट्यात बुडाले होते. ते भरून द्यायला सरकारने नकार दिला. लोकांच्या लेखी हिशेब सरळ होता: पैसा आमचा, रेल्वे परक्यांच्या हाती. माझ्या मते हा राग रास्त होता, कारण त्या भागधारकांना कोणी विचारलेच नव्हते.

7 सप्टेंबरला चेंगदूत निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यातून बंड पेटले. ते मोडायला हूबेईचे काही सैन्य सिचुआनला गेले आणि हूबेईतल्याच वुचांगचा बंदोबस्त पातळ झाला. सहीनंतर 143 व्या दिवशी, 10 ऑक्टोबरला, तिथेच उठाव झाला. 268 व्या दिवशी, 12 फेब्रुवारी 1912 रोजी, चिंग सम्राटाने सिंहासन सोडले. कर्जाची मुदत 40 वर्षांची होती. कॅन्टन-हांकौ मार्ग सलग जोडला गेला 1936 मध्ये.