पाळी जाताना सोबत कोण?

आपल्या बागलाण तालुक्यात कांद्याची लागवड असो की डाळिंबाची तोडणी, शेतात बायकांची रांग असतेच. त्यातली पंचेचाळिशी उलटलेली एखादी मध्येच थांबते, पदराने मान पुसते. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, सांधे धरतात, जीव घाबरा होतो. विचारले तर म्हणते, "उन्हाचं असेल." घरचे म्हणतात, "वयाचं आहे." विषय तिथेच संपतो.

पाळी जाणे हा आजार नाही. सलग १२ महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. साधारण ४५ ते ५५ या वयात ती होते. आधीची काही वर्षे पाळी मागेपुढे होते आणि त्या काळात दिवसही राहू शकतात. हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. मग भीती वाटते, आणि भीतीपोटी "पिशवी काढून टाका" हा सल्ला पटतो.

या सल्ल्याची किंमत बीड जिल्ह्यात दिसली. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कामाचा खाडा परवडत नव्हता आणि कर्करोगाची धास्ती होती. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली, तर रजोनिवृत्ती एकाएकी येते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. शस्त्रक्रिया कधी कधी गरजेची असते. पण आधी तपासणी आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला हवाच.

मग बाईने पहिल्यांदा बोलायचे कोणाशी? आमचे उत्तर आहे, आशाताईशी. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमली गेली. ती वस्तीतलीच असते, तिला घराघरांतल्या बायका ओळखतात. पण तिचे बहुतेक काम गरोदर माता आणि बाळाभोवती फिरते. तीस वर्षांवरील लोकांसाठी ती सीबॅक फॉर्म भरते. त्यात पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो का, असा प्रश्न आहे. पाळी जाणे म्हणजे काय हेच जिला माहीत नाही, ती त्याचे खरे उत्तर कसे देणार? "नाही" लिहिले जाते आणि फॉर्म पुढे जातो.

म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आशांच्या मासिक बैठकीत या विषयाचे प्रशिक्षण व्हावे, अशी आमची मागणी आहे. तीन गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, विचारणे. घरात कोणी नसताना, न लाजवता: झोप लागते का? लघवी सुटते का? संबंधाच्या वेळी त्रास होतो का?

दुसरी, धीर आणि सल्ला. रोज चालणे, दूध, नाचणी, तीळ, डाळी, कोवळे ऊन, मिश्री-तंबाखू बंद. रक्तदाब आणि साखर तपासणे. त्रास फार असेल तर औषधोपचार आहेत, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

तिसरी, न थांबता पाठवणे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर रक्त दिसले, अंगावरून फार जाऊ लागले, स्तनात गाठ लागली, चाळिशीआधीच पाळी थांबली किंवा मन इतके खचले की जगणे नको वाटू लागले, तर दवाखान्यात न्यायचेच.

हे काम आशाताईच्या माथी फुकट मारू नये. त्याचा मोबदला ठरावा. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली. कष्टकरी बाईच्या शरीराची जबाबदारी समाजाचीही आहे, हा त्यातला विचार. तो बाळंतपणापाशी थांबू नये.

सरकार करील तेव्हा करील. वर्षावासात आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, बायका जमतात. त्यातला एक दिवस सटाण्यातल्या आणि आसपासच्या महिला मंडळांनी या विषयासाठी ठेवावा. आशाताईला आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बोलवावे. पुरुषांनीही मागे बसून ऐकावे; घरातली बाई का चिडते, रात्री का जागते, हे त्यांनाही कळायला हवे.

जयभीम! नमो बुद्धाय!