विमान सातचं, मग घरातून निघायचं कधी?



आपल्याकडे प्रवास करणाऱ्यांच्या दोन जाती असतात. एक माणूस एसटी सुटायच्या दीड तास आधी स्टँडवर पिशव्या मांडून बसतो. दुसरा गाडी हलायला लागली की धावत येऊन दांडी पकडतो. रेल्वेत आणि एसटीत दोघंही मुक्कामाला पोहोचतात, आणि मग दुसरा पहिल्याला हसतो. विमानतळावर मात्र या दुसऱ्याचं काही चालत नाही. तिथं पकडायला दांडीच नसते.

आज बोलायचंय ते विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीच्या रांगेबद्दल. ती का लागते, अचानक का फुगते, आणि तिच्यासाठी वेळ किती धरायचा? एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. समजा, तुम्ही नोकरीसाठी बंगळुरूत राहता. वडिलांचं ऑपरेशन पुण्यात आहे, दुपारी बाराला. तुम्ही सकाळी सातच्या विमानाचं तिकीट काढलंय. साडेआठच्या सुमाराला पुण्यात उतरलात, तर त्यांना आत नेण्याआधी भेट होईल. प्रश्न एकच आहे : घरातून निघायचं किती वाजता?

सातचं विमान सातचं नसतं

तिकिटावर लिहिलेली वेळ ही विमान जागेवरून हलण्याची वेळ. तुमच्यासाठी ती फारशी कामाची नाही. देशांतर्गत प्रवासात बहुतेक भारतीय विमान कंपन्या गेट २५ मिनिटं आधी बंद करतात. म्हणजे तुमचं विमान खरं तर सहा पस्तीसचं आहे. सामान द्यायचं असेल तर काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, म्हणजे बॅगेसाठी ते सहाचं झालं. परदेशी जायचं असेल तर या वेळा आणखी आधीच्या असतात. आपल्या तिकिटावर त्या छापलेल्या असतात. आपण फक्त सीट नंबर बघतो.

दुसरं, आपल्याकडे रांग एक नसते. बाहेरच्या अनेक देशांत कुणीही टर्मिनलमध्ये शिरू शकतं. आपल्याकडे दारातच तिकीट आणि ओळखपत्र तपासतात. ती पहिली रांग. सामान देण्याची दुसरी. सुरक्षा तपासणीची तिसरी. परदेशी जाणाऱ्यांना इमिग्रेशनची चौथी.

ही कडक व्यवस्था उगाच आलेली नाही. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं, हे तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे सोपवायला सुरुवात झाली. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूर हे त्यातलं पहिलं विमानतळ ठरलं. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही, तो नियम २००६ साली लंडनमध्ये उघडकीला आलेल्या कटानंतर आला. रांगेतल्या प्रत्येक नियमामागे असा काही ना काही प्रसंग आहे.

रांग एकदम का फुगते?

पुष्कळ जण म्हणतात, ‘मागच्या वेळी दहा मिनिटांत आत गेलो होतो.’ खरं असेल. पण रांगेचा स्वभाव सरळ नसतो. गर्दी थोडी वाढली की वाट पाहणं थोडंच वाढेल, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे गणितज्ञ होते. फोन करणाऱ्यांना किती ताटकळावं लागतं, याचं गणित त्यांनी १९०९ मध्ये मांडलं. तेच शास्त्र आज बँकेपासून विमानतळापर्यंत सगळीकडे लागू पडतं. त्यातला सगळ्यात साधा नमुना घेऊ. एका खिडकीवर लोक वाटेल तेव्हा येतात आणि एका माणसाला सरासरी २० सेकंद लागतात. खिडकी तिच्या क्षमतेच्या ८० टक्के कामात असेल, तर रांगेत सरासरी ८० सेकंद उभं राहावं लागतं. ९० टक्के झालं की तीन मिनिटं. ९५ टक्के झालं की सहा मिनिटांच्या वर. शेवटच्या पाच टक्क्यांनी थांबायचा वेळ दुप्पट केला. आणि क्षमतेपेक्षा जास्त लोक यायला लागले, की रांग फक्त वाढतच जाते.

समजा, तपासणीतून अर्ध्या तासात ३०० माणसं जाऊ शकतात आणि आली ४००. शंभर माणसं मागे राहिली. पुढच्या अर्ध्या तासात पुन्हा ४०० आली, तर मागे राहिले दोनशे. त्यानंतर गर्दी ओसरली तरी आधी हे दोनशे संपायला हवेत. म्हणून गर्दीची वेळ टळून गेल्यावर येणारा माणूसही अडकतो आणि विचारतो, ‘आता एवढी रांग कशाची?’

आता सकाळचं चित्र डोळ्यांसमोर आणा. रात्री मुक्कामाला असलेली विमानं पहाटेपासून एकापाठोपाठ सुटतात, कारण दिवसभरात जास्तीत जास्त फेऱ्या करायच्या असतात. पाच ते आठ या वेळेतली सगळी माणसं एकाच तपासणीवर येतात. सुट्ट्यांमध्ये त्यात भर पडते. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या टर्मिनल तीनवर इतकी गर्दी झाली की विमान कंपन्यांनी देशांतर्गत प्रवाशांना साडेतीन तास आधी यायला सांगितलं, आणि नागरी विमान वाहतूक मंत्री ज्योतिरादित्य शिंदे स्वतः टर्मिनलवर पाहणीला गेले. तपासणीची यंत्रं वाढवणं हाच त्यावरचा मुख्य उपाय होता.

म्हणून मागच्या वेळची दहा मिनिटं विसरा. सरासरी दिवसाचा हिशेब सरासरी कामाला ठीक. वडिलांच्या ऑपरेशनला वाईट दिवसाचाच हिशेब धरायचा.

माणसं नाही, ट्रे मोजा

या रांगेत अडतं कुठं? माणसाच्या तपासणीला काही सेकंद लागतात. अडतं ते एक्स-रे यंत्रापाशी, ट्रेवर. एक माणूस एका ट्रेत सगळं ठेवतो, दुसऱ्याला तीन लागतात. म्हणून रांगेची लांबी बघून अंदाज चुकतो. उभ्या उभ्या दोन मिनिटं घड्याळ लावा आणि किती जण पुढे सरकले ते मोजा. पुढे ६० माणसं आहेत आणि मिनिटाला तिघं सरकतायत, तर वीस मिनिटं. दोघंच सरकत असतील तर तीस.

यंत्राच्या पडद्यावर वस्तू रंगांत दिसतात. अन्न, कागद, कापड असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे, मिश्र वस्तू हिरव्या. जवानाला काही सेकंदांत ठरवायचं असतं. लॅपटॉप बॅगेतच राहिला, तर त्याच्याखालचं काही स्पष्ट दिसत नाही. चार्जर, वायरी, पॉवर बँक, नाणी असा गुंता एका जागी असेल, तरी शंका येते. मग बॅग बाजूला, उघडा, पुन्हा यंत्रातून. साध्या पट्ट्यावर या एका बॅगेमुळे मागच्या सगळ्यांचा खोळंबा होतो. काही नव्या यंत्रांत लॅपटॉप बाहेर काढावा लागत नाही, पण तसं सांगितलं जाईपर्यंत काढायचाच.

डिजियात्राबद्दलही एक गैरसमज आहे. १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीत ती सुरू झाली, नंतर पुण्या-मुंबईसह अनेक ठिकाणी आली. चेहरा दाखवून दारातून आणि सुरक्षा विभागाच्या फाटकातून आत जाता येतं. नोंदणी आणि बोर्डिंग पास चढवणं घरीच करून ठेवलं, तर दाराची रांग नक्की वाचते. पण पुढे ट्रे सगळ्यांना सारखाच. डिजियात्रा आहे म्हणून अर्धा तास उशिरा निघू नका.

बॅग भरताना

आपल्या लोकांच्या बॅगा कशामुळे अडतात, ते ठरलेलं आहे. आईनं दिलेलं तेलाचं लोणचं, लाल तिखटाचा डबा, आजोबांचा अडकित्ता. हे सगळं हातातल्या बॅगेत नको, काउंटरवर द्यायच्या सामानात टाका. सुकं खोबरं मात्र घरीच ठेवा. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं, म्हणून हवाई वाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते. पॉवर बँकेचं बरोबर उलटं : ती हातातल्या बॅगेतच हवी. मोठ्या सामानात सापडली तर ते सामान अडतं आणि तुम्हाला परत बोलावलं जातं.

मोबाइल, पाकीट, चिल्लर, कमरेचा पट्टा हे रांगेत असतानाच बॅगेच्या एका कप्प्यात टाका. ट्रेपाशी पोहोचल्यावर खिसे चाचपायला लागू नका.

वडीलधारी माणसं सोबत असतील, तर व्हीलचेअर विमान कंपनीकडे दोन दिवस आधीच मागून ठेवा. पेसमेकर असेल, तर जवानाला आधी सांगा, कार्ड दाखवा आणि हातातलं यंत्र छातीवर धरू नका अशी विनंती करा; ते हातानं तपासणी करतात. इन्सुलिन आणि रोजची औषधं चिठ्ठीसह हातातच ठेवा. स्त्रियांची तपासणी पडद्याआड स्वतंत्र होते. त्यामुळे कुटुंबातल्या सगळ्यांचं एकाच वेळी आटोपत नाही. ट्रे कोण उचलणार, ते आधी ठरवा.

उलटा हिशेब

आता घड्याळ उलटं फिरवू. गेट बंद सहा पस्तीसला. तपासणीपासून गेटपर्यंत चालायला पंधरा मिनिटं : सहा वीस. ट्रे उचलून पट्टा बांधायला पाच : सव्वासहा. सुरक्षा रांग, वाईट दिवसाची, पाऊण तास : साडेपाच. सामान द्यायला पंचवीस मिनिटं : पाच वाजून पाच. दारापाशी पंधरा : चार पन्नास.

म्हणजे ‘दोन तास आधी या’ ही कंपनीची सूचना घाबरवण्यासाठी नाही. आपण पायरी पायरीनं मोजलं तरी तेवढंच येतं. आता घर ते देवनहळ्ळी पहाटे एक तास, टॅक्सी मिळायला पंधरा मिनिटं. निघायची वेळ झाली तीन पस्तीस. सामान द्यायचं नसेल तर चार वाजता. तुमचं घर कुठं आहे त्याप्रमाणे शेवटचे आकडे बदला, पद्धत तीच.

निघण्याआधी टर्मिनल वाचा. मुंबईत टर्मिनल एक आणि दोन यांच्यात गाडीनंच जावं लागतं, आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. गोव्यात दाभोळी आणि मोपा अशी दोन विमानतळं आहेत, एक दक्षिणेला, एक उत्तर टोकाला. चुकीच्या दारात उभं राहणाऱ्याला कुठलाही हिशेब वाचवत नाही.

तिकीट काढतानाही एक गोष्ट पाळा. पोहोचणं फार गरजेचं असेल, तेव्हा वेळेत नेणारं शेवटचं विमान घेऊ नका. त्याच्या आधीचं घ्या, म्हणजे ते चुकलं तरी मागे एक उरतं. सातचं तिकीट काढलंत, ते याचसाठी बरोबर.

तरीही उशीर झालाच तर

रांगेत घुसू नका. विमान कंपनीचे कर्मचारी तपासणीजवळ फिरत असतात आणि सुटायला आलेल्या विमानांची नावं पुकारतात. त्यांना बोर्डिंग पास दाखवा, वेळ सांगा. जवानाशी हुज्जत घालू नका. रांग त्यानं लावलेली नाही. आणि चिडून ‘बॅगेत काय बॉम्ब आहे का?’ असं चेष्टेनंही बोलू नका. त्या एका शब्दानं विमान तर जातंच, पोलीस ठाणंही दिसतं.

विमान चुकलंच, तर थेट कंपनीच्या काउंटरवर जा आणि पुढच्या विमानात जागा विचारा. तिकिटाचे पैसे गेले तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. प्रवास न केलेल्या प्रवाशालाही ती परत द्यावीत, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. पुष्कळ जण हे मागतच नाहीत.

आता शेवटचा हिशेब. दिवस चांगला निघाला, तर तुम्ही साडेपाचलाच गेटपाशी पोहोचाल आणि तासभर चहा पीत बसाल. एवढंच काय ते नुकसान. वाईट निघाला, तर तो तास रांगेनं खाल्लेला असेल आणि तरीही तुम्ही विमानात असाल. बारा वाजता वडील आत जातील तेव्हा त्यांच्यासाठी तुम्ही पुण्यात असणं महत्त्वाचं. पहाटेचे साडेतीन त्यापुढे काहीच नाहीत. गजर लावा आणि लवकर झोपा.